पाच घोड्यांची मोटार आणि पाच घोड्यांचा बॉयलर

फाल्गुन लागला की आमच्या हिंगोली जिल्ह्यात हळदीची कामे जोरात असतात. वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, कुठेही जा. शेताच्या कडेला धूर दिसतो आणि शिजलेल्या हळदीचा वास येतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण ऐकले असेल. पण शेतातून काढलेली ओली हळद तशीच बाजारात नेता येत नाही. ती आधी शिजवावी लागते, मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवावी लागते, आणि शेवटी ड्रममध्ये घालून घोळावी लागते. तेव्हा कुठे तिला चकाकी येते. शिजवायला आग लागते, घोळायला मोटार लागते. माल एकच, पण त्याला एकदा उष्णतेचे बळ लागते आणि एकदा फिरवण्याचे.

या दोन बळांचा हिशेब एकमेकांत कसा मांडायचा, ते या पाठात पाहू. हिशेब थोडा लांब आहे, पण बेरीज-गुणाकार येणाऱ्याला जड जाणार नाही. आणि तो न मांडल्यामुळे आमचा एक जुना विद्यार्थी खड्ड्यात जाता जाता वाचला, म्हणून तो शिकलेला बरा.

झाले असे. हा गडी आमच्याकडे चौथीपर्यंत शिकलेला. दोन एकर हळद, विहिरीवर पाच घोड्यांची मोटार, आणि वीज कंपनीकडून मंजूर झालेला भारही तेवढाच. त्याच्या हातात कुठून तरी एक छापील पत्रक आले. विजेवर चालणारा वाफेचा बॉयलर. लाकूड नको, धूर नको, तीनशे किलोचा ड्रम अर्ध्या-पाऊण तासात तयार. पत्रकावर बॉयलरची ताकद लिहिली होती: ५ बीएचपी. पत्रक घेऊन तो मोठ्या आनंदात आमच्या घरी आला.

"गुरुजी, आपली मोटर पाच एचपीची, अन् ह्यो बॉयलर बी पाच एचपीचाच. म्हंजे आहे त्याच लाइनीवर चालतंय. मोटर बंद करायची अन् बॉयलर चालू करायचा. इसार देऊन आलोय. राहिलेले पैसे सोमवारी द्यायचेत. बायकोचे दागिने ठेवायलोय."

दागिन्यांचे नाव निघाले तसे आम्ही चष्मा लावला. आम्हांला शंका आली ती काही विजेच्या ज्ञानामुळे नव्हे. चूल पाहून आलेली शंका होती ती. हळद घोळायच्या ड्रमला दोन-तीन घोड्यांची मोटार पुरते. मग ज्या जाळापुढे पाच मिनिटे उभे राहवत नाही, तो जाळ पाच घोड्यांत कसा मावेल? आम्ही म्हटले, "अरे, सोमवारला अजून चार दिवस आहेत. आज रात्री वर्गाला ये. फळ्यावर मांडून बघू."

आता हिशेबाआधी एक जुनी गोष्ट सांगतो. हिंगोली पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाचा रुपया निराळा, त्याला हाली सिक्का म्हणत. बाहेरच्या इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. वऱ्हाडातून बैल आणायचा तर आधी हाली मोडून कलदार करावे लागत. सात हालीला सहा कलदार असा भाव असे. नाणे बदलले म्हणून बैलाचे मोल बदलत नसे; तेच मोल एकीकडे सात म्हणायचे, दुसरीकडे सहा. मात्र कोणी 'शंभर रुपये' म्हटले की शहाणा माणूस आधी विचारी, "कोणते शंभर? हाली का कलदार?" संस्थान १९४८ साली गेले, पुढे हाली सिक्काही गेला. विचारण्याची ती सवय मात्र आमच्या वडिलांना शेवटपर्यंत होती.

शक्तीचेही असेच आहे. मोटारीवर घोडे लिहिलेले असतात, गिझरवर वॅट असतात, बॉयलरवर कॅलरी किंवा बीटीयू असतात, थंड हवेच्या यंत्रावर टन असतात. ही सगळी एकाच मालाची निरनिराळी नाणी आहेत. एका सेकंदात किंवा एका तासात किती ऊर्जा खर्च होते, एवढेच त्यांतले प्रत्येक सांगते. म्हणून एकाचे दुसऱ्यात रूपांतर करता येते. फक्त मोडीचा भाव ठाऊक पाहिजे.

आधी घोडा पाहू. हा घोडा विलायतेतला. जेम्स वॅट नावाचा कारागीर वाफेची इंजिने करून विकत असे. त्या वेळी गिरण्या आणि खाणींतले रहाट घोड्यांनी चालत. गिऱ्हाईक विचारी, "तुझे इंजिन माझे किती घोडे वाचवील?" म्हणून १७८३ च्या सुमारास वॅटने एका घोड्याचे काम मापून ठरवले. एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक घोडा. आपल्या मापात सांगायचे तर एका सेकंदात ७६ किलो वजन एक मीटर वर नेणे. वॅटने हा घोडा जरा तगडाच धरला, असे जाणकार म्हणतात. खरे घोडे दिवसभर इतके काम करीत नाहीत.

आपल्याला मोटेवरून हे चटकन कळेल. समजा मोटेत दीडशे लिटर पाणी मावते आणि पाणी दहा मीटर खाली आहे. बैलजोडी धावेवरून उतरत वीस सेकंदांत मोट थारोळ्यापर्यंत आणते. दीडशे किलो गुणिले दहा मीटर म्हणजे दीड हजार. त्याला वीसने भागा. पंचाहत्तर आले. म्हणजे ओढताना जोडीचे बळ जवळजवळ एक घोडा. पण मोट रिकामी झाल्यावर बैल उलटे मागे सरकतात, तेवढा वेळ पाणी येत नाही. तो वेळ धरला तर जोडी सरासरी अर्ध्याच घोड्याचे काम करते. पाच घोड्यांची मोटार म्हणजे अशा दहा बैलजोड्या, न थकता. गावात पहिली मोटार आली तेव्हा म्हातारी माणसे विहिरीच्या काठावर बसून नुसती धार बघत, ते उगाच नव्हे.

विजेच्या मापात एक घोडा म्हणजे ७४६ वॅट. वॅट हे नाव त्याच कारागिराचे. हजार वॅट म्हणजे एक किलोवॅट, आणि एक किलोवॅट तासभर चालला की बिलात एक युनिट पडते. म्हणून पाच घोडे म्हणजे ३,७३० वॅट, पावणेचार किलोवॅटला थोडे कमी. (ट्रॅक्टरच्या पत्रकात कधी कधी ७५ किलोचा, म्हणजे सुमारे ७३५ वॅटचा घोडा असतो. तो मेट्रिक घोडा. फरक थोडा आहे, तो सोडून देऊ.)

आता उष्णता. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिला किलोकॅलरी म्हणतात. अंश म्हणजे सेल्सिअसचा अंश, ज्यात पाणी शंभरावर उकळते. बिस्किटाच्या पुड्यावर जी कॅलरी लिहितात ती हीच. इंग्रजांचे माप बीटीयू: एक पौंड पाणी फॅरनहाइटच्या एका अंशाने तापवायची उष्णता. ते नाणे लहान आहे. जवळजवळ चार बीटीयूंची एक किलोकॅलरी होते.

पण वजन उचलणे कुठे आणि पाणी तापणे कुठे! ही दोन नाणी एकाच टांकसाळीतली आहेत हे कळले कसे?

ते कळायला पुन्हा घोडाच कामी आला. रम्फर्ड नावाचा एक गृहस्थ जर्मनीत म्युनिक शहरात तोफांच्या कारखान्यावर देखरेख करी. तोफेच्या ओतीव गोळ्यात भोक पाडताना धातू भयंकर तापतो, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने मुद्दाम बोथट हत्यार लावले, भोवती पाण्याची पेटी बसवली आणि घोड्यांकडून यंत्र फिरवले. अडीच तासांत पाणी उकळू लागले. जाळ नाही, कोळसा नाही, आणि पाणी उकळते! पाहणारे थक्क झाले, असे त्याने १७९८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात लिहिले. काम हलके व्हावे म्हणून दोन घोडे जुंपत, पण एका घोड्याच्या बळावरही ते चालले असते, हेही त्याने नोंदवले. पाणी आणि तापलेला धातू सगळे धरून त्याने हिशेब केला: एवढ्या उष्णतेत बर्फाइतके गार साडेसव्वीस पौंड, म्हणजे सुमारे बारा किलो पाणी उकळले असते. म्हणजे बाराशे किलोकॅलरी, अडीच तासांत. हा आकडा लक्षात ठेवा, थोड्या वेळाने तो पुन्हा लागेल.

नेमका भाव मात्र पुढे पन्नास वर्षांनी जेम्स जूल याने काढला. हा मँचेस्टरजवळचा, घरचा धंदा बिअर गाळण्याचा. त्याने पाण्याच्या भांड्यात रवीसारखी पंख्याची पाती बसवली. पात्यांना दोरीने वजने बांधली. वजने खाली उतरत, पाती फिरत, पाणी घुसळले जाई. घुसळून घुसळून पाणी किती तापले ते तो अगदी बारीक खुणांच्या तापमापीने मोजी. असे प्रयोग त्याने अनेक वर्षे केले. १८५० साली त्याने आकडा दिला तो आजच्या आकड्याच्या अगदी जवळ आहे. आज आपण म्हणतो: ४२७ किलो वजन एक मीटर उचलण्याचे काम म्हणजे एक किलोकॅलरी.

इथे जरा थांबा. ४२७ किलो म्हणजे सव्वाचार क्विंटल. एवढे वजन पोटाइतक्या उंचीवर उचलायला किती हमाल लागतील! आणि तेवढ्या कामाची उष्णता किती? एक लिटर पाणी एका अंशाने तापेल, एवढीच. हात घातला तर फरक कळणारसुद्धा नाही. उष्णतेत ऊर्जा किती ठासून भरलेली असते, ते यावरून समजावे. चूल पाहून आम्हांला जी शंका आली होती, तिचे मूळ या आकड्यात आहे.

आता मोडीचा भाव काढू. एक घोडा सेकंदाला ७६ किलो एक मीटर नेतो. तासाचे सेकंद ३,६००. गुणाकार २,७३,६००. त्याला ४२७ ने भागले की ६४० आणि वर थोडे येते. सगळे अपूर्णांक नीट धरले तर ६४२ येतात. म्हणून:

एक घोडा म्हणजे तासाला ६४२ किलोकॅलरी.

एक किलोवॅट म्हणजे तासाला ८६० किलोकॅलरी.

हे दोन आकडे पाठ करा. बाकीचे त्यांतून निघतात. आता रम्फर्डकडे या. बाराशे किलोकॅलरी अडीच तासांत, म्हणजे तासाला ४८०. त्याला ६४२ ने भागा. पाऊण घोडा आला. आणि यंत्र तर एका घोड्याच्या बळावर चालणारे होते! सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा हिशेब आपल्या फळ्यावर असा जुळला, तेव्हा वर्गातली मंडळी काही वेळ बोललीच नाहीत. आम्हांलाही बरे वाटले.

घरचे उदाहरण घेऊ. आंघोळीची वीस लिटरची बादली पंचवीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवायची. वीस गुणिले वीस, चारशे किलोकॅलरी. एक घोडा सगळे बळ लावून हे पाणी तापवू लागला तर त्याला सदतीस मिनिटे लागतील. दोन किलोवॅटचा गिझर तासाला १,७२० देतो, म्हणून त्याला चौदा मिनिटे पुरतात. म्हणजे भिंतीवरचा तो लहानसा गिझर जवळजवळ पावणेतीन घोड्यांचा आहे, आणि हळद घोळणारा एवढा मोठा धडधडणारा ड्रमही साधारण तेवढ्याच घोड्यांचा. आकारावर जाऊ नये.

मग आम्ही त्या गड्याला फळ्यापाशी बोलावले. एका ड्रममध्ये ओली हळद किती? तीनशे किलो. ओल्या हळदीत बहुतेक पाणीच असते, म्हणून पाण्याचाच हिशेब धरू. थोडा जास्त धरला जाईल, पण भांडे तापते त्यात तो जिरेल. पंचवीस अंशांवरून शंभरावर न्यायचे म्हणजे पंचाहत्तर अंश. तीनशे गुणिले पंचाहत्तर, २२,५०० किलोकॅलरी. आता आपले पाच घोडे तासाला किती देतात? पाच गुणिले ६४२, म्हणजे ३,२१०. भागाकार त्यानेच केला. सात तास आले.

"सात तास? अन् कागदावर तर अर्धा-पाऊण तास म्हणायलेत!"

दोन एकरांची ओली हळद त्याने दीडशे क्विंटल धरली होती. म्हणजे पन्नास ड्रम. पन्नास गुणिले सात, साडेतीनशे तास. शेतीची वीज दिवसाला आठ तास धरली तर चव्वेचाळीस दिवस. तोवर वैशाख येईल, वळवाचे पाऊस येतील. आणि तेवढे दिवस पिकाला पाणी कोण देईल? मोटार तर बंद ठेवायची आहे!

तो म्हणाला, "म्हंजे पत्रक खोटं हाय."

पण पत्रक खोटे नव्हते. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक आकडा होता: ताशी १,६७,००० बीटीयू. वर मोठ्या अक्षरांत ५ बीएचपी. हे दोन्ही आकडे एकाच बॉयलरचे. बीटीयूच्या चार करून किलोकॅलरी काढल्या. साधारण ४२,००० आल्या. ४२,००० ला ६४२ ने भागले. पासष्ट घोडे! ८६० ने भागले. एकोणपन्नास किलोवॅट! हा बॉयलर तीनशे किलोचा ड्रम खरोखरच बत्तीस मिनिटांत तापवील, पण त्याला वीज लागेल ती पाच घोड्यांची नव्हे, पासष्ट घोड्यांची. पाच घोड्यांच्या लाइनीवर तो लावला असता तर पहिल्या झटक्याला फ्यूज उडाली असती, आणि कोणी जाड तार घालून ती बांधली असती तर पुढे काय जळाले असते ते सांगवत नाही.

वर्गात पुढे बसणाऱ्या एका मावशी आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना सही येत नव्हती. त्यांनी विचारले, "गुरुजी, घोडा तर घोडाच. मग बॉयलरचा घोडा तेरापट कामून?"

प्रश्न अगदी वर्मावर होता. बॉयलरचा घोडा हे खरोखरच निराळे नाणे आहे; हाली आणि कलदार दोघांनाही रुपया म्हणत, तसे. ते अमेरिकेत पडले. १८७६ साली फिलाडेल्फिया शहरात मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे बॉयलरांची परीक्षा घ्यायची होती. बॉयलर काही ओढत नाही की फिरवत नाही, नुसती वाफ करतो. मग त्याची ताकद सांगायची कशी? त्या वेळच्या चांगल्या इंजिनाला एका घोड्याचे काम करायला तासाला तीस पौंड वाफ लागे. म्हणून जो बॉयलर तासाला तेवढी वाफ देईल तो एका घोड्याचा, असे ठरले. पुढे नेम अधिक पक्का केला: उकळत्या पाण्याची तासाला साडेचौतीस पौंड वाफ. आपल्या मापात सुमारे साडेपंधरा किलो. आता पाणी उकळीला आल्यावर त्याची वाफ करायला किलोमागे आणखी ५३९ किलोकॅलरी लागतात, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. गुणाकार केला की बॉयलरचा एक घोडा म्हणजे तासाला ८,४०० च्या वर किलोकॅलरी. ६४२ ने भागा, तेरा.

याचा अर्थ असा, की त्या काळी इंजिनाच्या एका घोड्याला उष्णतेचे तेरा घोडे खाऊ घालावे लागत. एक काम करी आणि बारा वाफेतून, तापल्या लोखंडातून निघून जात. गोंधळ वाढवायला अक्षरेही तीच. इंजिनावरच्या बीएचपीत 'बी' म्हणजे ब्रेक, धुरेवर ब्रेक लावून मोजलेले बळ. बॉयलरच्या बीएचपीत 'बी' म्हणजे बॉयलर. हे कोणी पत्रकात फोडून सांगत नाही.

"अन् आताच्या इंजिनात बारा वाया जातेत का?" मावशींचा पुढचा प्रश्न.

आता तेवढे जात नाहीत. आमच्या लहानपणी विहिरींवर डिझेलची इंजिने ठकठक करीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली सांगली भागात किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९४६ पासून त्या घराण्याचा डिझेल इंजिनांचा कारखाना पुण्यात उभा राहिला. त्या इंजिनांनी मराठी मुलखातल्या कितीतरी विहिरींवरची मोट थांबवली. पाच घोड्यांचे असे इंजिन तासाला साधारण सव्वा लिटर डिझेल पिते. एक लिटर डिझेलात सुमारे ८,६०० किलोकॅलरी असतात, म्हणजे सव्वा लिटरात १०,७५०. आणि पाच घोड्यांचे काम ३,२१०. शंभरातले तीस कामाला आले, सत्तर गरम पाण्यातून आणि धुरातून गेले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्यावर पोरे आंघोळी करीत, ती उष्णता याच सत्तरातली. परळीसारख्या कोळशाच्या वीज केंद्रातही थोडेफार असेच. एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात खऱ्या, पण कोळशातून ते युनिट काढायला साधारण अडीच हजार जाळाव्या लागतात.

म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या. ६४२ आणि ८६० हे भाव दोन्ही बाजूंनी सारखे आहेत, त्यांत बट्टा नाही. पण यंत्र दोन्ही बाजूंनी सारखे चालत नाही. कामाची उष्णता सगळीच्या सगळी होते. ब्रेक लावला, तोफ पोखरली, ताक घुसळले, सगळे शेवटी उष्णतेत जाते. उष्णतेचे काम मात्र सगळे कधीच होत नाही, कितीही चांगले इंजिन करा. हिशेब करताना आधी नाणे बदलावे, आणि मग यंत्र त्यातले किती गिळते ते वेगळे धरावे. दोन्ही एकदम करू गेले की चुकते.

आपल्या विहिरीवरच्या मोटारीचेच पाहा ना. पाटीवरचे पाच घोडे म्हणजे ती बाहेर देते ते बळ, ३.७३ किलोवॅट. आत ती घेते साडेचारच्या आसपास. मधले पाऊण किलोवॅट कुठे गेले? तासाला साडेसहाशे किलोकॅलरी होऊन मोटारीच्या अंगाला लागले. म्हणून ती तापते, आणि म्हणून बिल पाच घोड्यांच्या हिशेबापेक्षा जास्त येते.

टनाचेही थोडक्यात सांगून टाकू, कारण आता वसमतच्या दुकानांतही ती यंत्रे दिसतात. पूर्वी थंडावा बर्फाने आणीत. अमेरिकेतला दोन हजार पौंडांचा एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तो एक टन. तासाला १२,००० बीटीयू किंवा ३,०२४ किलोकॅलरी, म्हणजे साडेतीन किलोवॅट. मग दीड टनाचे यंत्र सव्वापाच किलोवॅट वीज खाते काय? नाही, साधारण दीड खाते. ते उष्णता तयार करीत नाही, खोलीतली उपसून बाहेर टाकते. मोटेचे पाणी बैल तयार करीत नाहीत, नुसते वर आणतात, तसे.

आणि माणूस? दिवसाला २,४०० किलोकॅलरींचे अन्न खाणारा माणूस तासाला शंभर किलोकॅलरी बाहेर टाकतो, म्हणजे सुमारे ११५ वॅट. आमच्या वर्गात त्या रात्री वीस जण होते. दोन गिझर नव्हे, पण एक गिझर नक्की चालू होता. खिडकी उघडा, असे आम्ही का म्हणत होतो ते मंडळींना तेव्हा पटले.

सोमवारी तो गडी दागिने घरी ठेवून दुकानात गेला. त्याने एकच विचारले, "घोडे राहू द्या, किलोवॅट किती?" दुकानदाराने मशीनवरची पाटी वाचून सांगितले, पन्नास. त्यासाठी निराळा भार मंजूर करून घ्यावा लागेल, तारा जाड लागतील, हेही मग सांगितले. सौदा मोडला. इसाराचे निम्मे पैसे परत मिळाले, निम्मे गेले.

हळद त्याने दर वर्षीप्रमाणे भाड्याच्या लाकडावरच्या कुकरात शिजवली. आम्ही मुद्दाम गेलो होतो. लाकूड वजन करून घातले. अर्ध्या तासात तेरा किलो लागले. किलोमागे ३,५०० किलोकॅलरी धरल्या आणि निम्म्या धुरावाटे सोडून दिल्या, तरी २२,७५० हळदीला लागल्या. फळ्यावरच्या हिशेबाशी बरोबर जुळले. तासाच्या हिशेबाने ४५,५००, म्हणजे सत्तर घोडे. त्याची म्हातारी आई चुलीच्या तोंडाशी बसून लाकडे सारत होती. पोराने तिला सांगितले, "आई, तुझ्या चुलीत सत्तर घोडे जुंपलेत म्हणे."

ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "तरीच एवढा धुरळा उडायलाय."